कार्टूनला कसला सेन्सॉर?

(१९८७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन. थोडी काटछाट वक्त्यांनी स्वतःच केली आहे.)



संयोजकांचा पंधरा दिवसांपूर्वी फोन आला. म्हणाले, "तू तुझ्या कामाबद्दल बोल. डॉक्टर झाले, इंजिनिअर झाले, बँकवाले तर ढिगाने आहेत. तुझं काम मात्र कुणालाच कळत नाही." खरं आहे ते. माझ्या सासूबाईंनाही शेवटपर्यंत कळलं नाही. मी त्यांना सांगितलं होतं, मी 'मजकूर तपासणी'त आहे. त्या शेजारी सांगायच्या, सून पेपर तपासते. दर मार्चमध्ये शेजारच्या काकू हळूच यायच्या आणि विचारायच्या, यंदा गणित सोपं आहे का?

तर काम असं. आधी टीव्हीवर आणि आता मोबाइलवर येणारी मोठ्या माणसांची कार्टून्स मी बघते. त्यातलं काय दाखवायचं, काय गाळायचं, आणि दाखवायचं तर किती वयाच्या माणसाला, हे मिनिट-सेकंदासकट लिहून देते. वीस वर्षं झाली. त्याचा पगार मिळतो, हे ऐकून आपल्या वर्गातल्या शेवटच्या बाकाला वाईट वाटणार आहे, कारण हेच काम ते फुकट करत होते.

हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कार्टूनला कसला सेन्सॉर?" माझा सगळा धंदा या एका प्रश्नावर उभा आहे, म्हणून आज त्याचंच उत्तर देते.

कार्टून म्हणजे मुलांचं, हे आपण धरून चाललो. मुळात तसं नव्हतं. १९३० च्या सुमाराला अमेरिकेत बेट्टी बूप नावाची एक ठुमकणारी चित्रातली बाई थिएटरात मोठ्यांच्या सिनेमाआधी दाखवत. १९३४ मध्ये तिथल्या चित्रपटांची आचारसंहिता कडक झाली आणि तिचा फ्रॉक लांब झाला. चित्रातल्या बाईला पदर घ्यायला लावण्याची परंपरा इतकी जुनी आहे. १९६० मध्ये 'फ्लिंटस्टोन्स' आलं तेही संध्याकाळी, सगळ्या कुटुंबासाठी, आणि त्यातलीच पात्रं जाहिरातीत सिगारेट ओढून दाखवायची. त्यावर कुणाला काही वाटलं नाही. मग हळूहळू सगळी कार्टून्स शनिवार सकाळच्या मुलांच्या वेळेत गेली आणि लोकांची पक्की समजूत झाली की रेषेने काढलेलं असेल तर ते निरागसच असतं.

ही समजूत मोडली 'सिम्प्सन्स'ने, १९८९ च्या डिसेंबरात. आळशी बाप, उद्धट मुलगा, बऱ्यापैकी तुमच्या-माझ्यासारखं घर. त्यातल्या बार्ट नावाच्या पोराचे टी-शर्ट घालून येऊ नका, असं अमेरिकेतल्या काही शाळांनी मुलांना सांगितलं. १९९२ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष थोरले बुश भाषणात म्हणाले, की अमेरिकन कुटुंबं 'वॉल्टन्स' या जुन्या सोज्वळ मालिकेसारखी हवीत, सिम्प्सन्ससारखी नकोत. महासत्तेचा प्रमुख एका पिवळ्या कार्टूनवर बोलतो, तेव्हा समजावं की कुठेतरी नेमकं लागलेलं आहे.

आता अमेरिकेतला नियम काय, ते सांगते, कारण आपल्याकडे लोकांना वाटतं तिथे सगळं मोकळं. तिथे टीव्हीसाठी आपल्यासारखं प्रमाणपत्र देणारं मंडळ नाही. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन आहे, पण त्याचा अश्लीलतेचा नियम फक्त अँटेनावर फुकट येणाऱ्या वाहिन्यांना आणि रेडिओला लागतो. त्याचं मूळ एका रेडिओ कार्यक्रमात आहे. १९७३ मध्ये एका दुपारी न्यूयॉर्कच्या एका केंद्राने विनोदवीर जॉर्ज कार्लिनचा, टीव्हीवर उच्चारू नयेत अशा शब्दांवरचा, कार्यक्रम लावला. एका बापाने तो मुलाबरोबर गाडीत ऐकला आणि तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की मुलं ऐकत असण्याच्या वेळी सरकार याला आवर घालू शकतं. त्यातून पुढे वेळ ठरली. सकाळी सहा ते रात्री दहा सांभाळून बोला, नंतर तुमचं तुम्ही बघा. केबलला हा नियमच नाही, कारण ती माणसाने पैसे देऊन घरात बोलावलेली असते.

म्हणजे शब्द तोच, पण घड्याळाप्रमाणे तो चालतो किंवा चालत नाही. आपल्या आजीचं सोवळं असंच होतं. दुपारी बारापर्यंत शिवायचं नाही, मग ये बाळ मांडीवर.

मग केबलवर कात्री कुणाच्या हातात? वाहिनीच्या स्वतःच्या. तिथे प्रत्येक मोठ्या वाहिनीत 'स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस' नावाचं खातं असतं. माझ्या पहिल्या नोकरीतल्या खात्याचं नाव तिकडूनच उचललेलं होतं. हे खातं सरकारला जितकं भितं त्याहून जाहिरातदाराला जास्त भितं, आणि बातमीला सर्वांत जास्त. १९९३ मध्ये एमटीव्हीवर 'बीव्हिस अँड बट-हेड' नावाची दोन टवाळ पोरांची मालिका लागायची. त्या पोरांना आगीचं भारी आकर्षण. त्याच वर्षी ओहायोत एका पाच वर्षांच्या मुलाच्या हातून घराला आग लागली आणि त्याची दोन वर्षांची बहीण गेली. आईने मालिकेला दोष दिला. वाहिनीने मालिका रात्री साडेदहाला ढकलली आणि आगीचे सगळे उल्लेख काढून टाकले. दोष खरोखर मालिकेचा होता का, यावर लोक अजून भांडतात. पण आमच्या धंद्यात त्या घटनेनंतर एक गोष्ट पक्की झाली: मुलाने नक्कल करण्याजोगं काही दिसलं की खूण करायची. ती खूण मी आजही करते.

१९९७ च्या जानेवारीपासून तिथे पडद्याच्या कोपऱ्यात वयाचा शिक्का यायला लागला. कोणता कार्यक्रम चौदा वर्षांपुढच्यांना, कोणता फक्त प्रौढांना. त्याच ऑगस्टात 'साउथ पार्क' आलं. चार शाळकरी पोरं, कागदाची कात्रणं चिकटवल्यासारखी दिसणारी, आणि तोंड असं की आपल्या एसटी स्टँडवरच्या हमालाने कान झाकावेत. २००१ मध्ये त्यांनी एका भागात एकच घाण शब्द १६२ वेळा उच्चारला आणि पडद्याच्या कोपऱ्यात मोजणीचा आकडा लावला. त्यांचं म्हणणं असं, की एकदा उच्चारला तर बोभाटा होतो, मग १६२ वेळा उच्चारून बघू. शंभराच्या पुढे तो शब्द नुसता आवाज होतो. मी तो भाग कामासाठी पाहिला तेव्हा मला हसूही येईना आणि रागही येईना.

इथे मला आपलं नववीचं गॅदरिंग आठवतं. आपल्या नाटिकेच्या वहीवर सरांची लाल पेन्सिल फिरली होती. सर, तुम्ही समोरच बसला आहात म्हणून सांगते. त्यात 'हरामखोर' असा एक शब्द होता, तो तुम्ही खोडून 'अरे दुष्टा' लिहिलंत. प्रयोगात आपल्या सावकाराने तिथे पूर्ण तीन सेकंद थांबून, प्रेक्षकांकडे बघून, 'अरे... दुष्टा' असं म्हटलं. सगळ्या मंडपाला मूळ शब्द ऐकू आला. शिट्ट्या पडल्या. मूळ शब्द राहिला असता तर कुणाच्या लक्षातही आला नसता. टीव्हीवरची 'टूं' अशी शिट्टी नेमकं हेच करते. 'साउथ पार्क'वाल्यांचा १९९९ मध्ये सिनेमा आला. त्याच्या नावात 'नरक' हा शब्द होता, तो प्रमाणपत्र देणाऱ्यांनी चालू दिला नाही. त्यांनी दुसरं नाव दिलं. ते वर वर सभ्य आणि आतून असं, की दादा कोंडक्यांनी उठून टाळी दिली असती. ते मात्र विनातक्रार पास झालं.

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल, की गोष्ट सरळ आहे, आधी बंधन होतं, मग सैल झालं. मलाही पहिली काही वर्षं असंच वाटायचं. पण ते तसं नाही. एक गाठ सुटते तेव्हा दुसरी घट्ट होते.

'फॅमिली गाय' नावाच्या मालिकेचा ज्यू समाजावरचा एक भाग २००० मध्ये तयार होता, पण फॉक्स वाहिनीला दाखवायचा धीर झाला नाही. तो २००३ मध्ये केबलवर आणि २००४ मध्ये फॉक्सवरच लागला, आणि आकाश कोसळलं नाही. पण त्याच मालिकेचा गर्भपातावरचा भाग फॉक्सने दाखवलाच नाही. तो २०१० मध्ये डीव्हीडीवर विकावा लागला. 'साउथ पार्क'च्या २००१ च्या एका भागात इस्लामच्या प्रेषितांचं पात्र होतं. तेव्हा त्यावर काही झालं नाही. २०१० मध्ये त्याच मालिकेने तोच विषय घेतला तेव्हा धमकी आली. वाहिनीने पात्र झाकलं, नाव पुसलं, आणि शेवटचं भीतीवरचं भाषणसुद्धा शिट्टीखाली घातलं. आज तो जुना भागही सहज मिळत नाही. म्हणजे २००१ मध्ये जे चाललं ते नंतर चालेनासं झालं. इथे नियम बदललाच नव्हता. भीती बदलली होती. मायकेल जॅक्सनचा आवाज असलेला 'सिम्प्सन्स'चा १९९१ चा भाग २०१९ मध्ये निर्मात्यांनीच मागे घेतला. त्यात एक शब्दही वावगा नव्हता.

आणि अपू. 'सिम्प्सन्स'मधला किराणा दुकान चालवणारा भारतीय माणूस. नाव सत्यजित राय यांच्या अपूवरून घेतलेलं, पण आवाज एका गोऱ्या नटाने ओढून-ताणून काढलेल्या भारतीय हेलाचा. माझ्या मावसभावाचा मुलगा न्यू जर्सीत शिकला. शाळेत पोरं त्याला अपूच्या हेलात हाका मारायची. घरी त्याने हे कधी सांगितलं नाही. २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदवीराने अपूवरच माहितीपट काढला. तो पाहून आल्यावर पंचविशीतल्या त्या मुलाने आईला पहिल्यांदा सांगितलं. २०२० मध्ये हँक अझारिया या नटाने अपूचा आवाज देणं थांबवलं. गंमत बघा, मी स्वतः अपूचे कितीतरी भाग तपासून पुढे पाठवले होते. बीअर दिसली, खूण केली. शिवी आली, खूण केली. अपूवर एकदाही पेन थांबलं नाही. माझ्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता.

आता आपल्याकडचं. टीव्हीला आपल्याकडे १९९५ चा केबल कायदा आणि त्याखालची कार्यक्रम संहिता. सुरुची, सभ्यता, धार्मिक भावना, स्त्रियांची प्रतिमा, मुलं, असं सगळं त्यात आहे आणि शब्द इतके मोठे आहेत की त्यात हत्ती बसावा. मुंबई उच्च न्यायालयातल्या एका जनहित याचिकेनंतर २००६ मध्ये आणखी घट्ट झालं. प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र असलेला सिनेमा टीव्हीवर बंद. मालिकांना आणि कार्टून्सना प्रमाणपत्र लागत नव्हतं, त्यामुळे तिथे वाहिनीची भीती हाच कायदा. माझी नोकरी त्या भीतीतून लागली, तेव्हा मी तक्रार करणं बरं नाही.

मी इंग्रजी वाहिनीच्या उपशीर्षकांवर होते. वाहिनीचं नाव सांगत नाही, तिथली माणसं चांगली होती आणि डबा वाटून खायची. आमच्याकडे नको असलेल्या शब्दांची यादी होती आणि संगणक ती यादी लावून पुसायचा. एका कार्टूनमध्ये बाई कोंबडीचा 'ब्रेस्ट' भाजत होती. कोंबडी राहिली, पुढे तीन फुल्या आल्या. गाय जिथे जिथे खायच्या संदर्भात आली तिथे ती नाहीशी झाली, आणि एकदा चरणारी गायही गेली. मी वरिष्ठांना दाखवलं. ते म्हणाले, "राहू दे. पुसल्याबद्दल कुणी तक्रार करत नाही." हे वाक्य मी लक्षात ठेवलं आहे. आमच्या खात्याचं सगळं शहाणपण त्यात होतं.

शिनचॅन मात्र तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी होता. पाच वर्षांचा आगाऊ पोरगा, चड्डी काढून नाचणारा, आईच्या वजनावर बोलणारा. तो मुळात जपानमध्ये १९९० मध्ये मोठ्यांच्या चित्रकथेच्या मासिकातून आला. २००६ मध्ये आपल्याकडे हिंदीत मुलांच्या वाहिनीवर लागला, थोडा साफसूफ करून. त्याच २००६ मध्ये अमेरिकेत तोच शिनचॅन रात्री मोठ्यांसाठी लागला, आणि तिथल्या लोकांनी त्याचे संवाद बदलून मूळ जपानीपेक्षा जास्त चावट केले. चित्र एकच, आणि त्यातून एका देशात बालगोपाळांचा कार्यक्रम झाला, तर दुसऱ्या देशात रात्रीचा. २००८ मध्ये आपल्या मंत्रालयाने पालकांच्या तक्रारींवरून तो बंद केला, नंतर आणखी कात्री लावून तो परत आला. तेव्हा माझ्या नणंदेने मला विचारलं, "वहिनी, नक्की काय वाईट आहे हो त्यात? आमचा मुलगा तर हसतो नुसता." मी तिला नग्नता, वडीलधाऱ्यांचा अपमान वगैरे सांगितलं. ती म्हणाली, "मग आमच्या ह्यांचा अपमान तो शिनचॅनच्या आधीपासून करतोय."

२०११ मध्ये वाहिन्यांनी स्वतःची तक्रार परिषद काढली आणि जे मोठ्यांचं ते रात्री अकरा ते पहाटे पाच, असं ठरलं. पुन्हा घड्याळ. ते नीट रुळेपर्यंत २०१६ चा जानेवारी आला. नेटफ्लिक्स एकाच दिवशी भारतासकट १३० देशांत सुरू झालं आणि घड्याळाचा प्रश्नच संपला. मोबाइलवर रात्रीचे अकरा केव्हाही वाजतात.

२०१७ मध्ये मी तशाच एका कंपनीकडे गेले. तिथे कात्री काढून घेतली आणि हातात शिक्का दिला. कापायचं जवळजवळ काही नाही. बघायचं आणि वय लिहायचं. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारचे माहिती तंत्रज्ञानाचे नियम आले, त्यात पायऱ्या पक्क्या झाल्या. सर्वांसाठी, सातपुढे, तेरापुढे, सोळापुढे, आणि फक्त प्रौढ. तेरापुढच्याला कुलूप देण्याची सोय हवी, प्रौढांच्याला वयाची खात्री हवी. भेदभाव, व्यसनं, नक्कल होईल असं वागणं, भाषा, नग्नता, लैंगिक दृश्यं, हिंसा, भीती हे सगळं बघून शिक्का ठरवायचा. कापाकापीपेक्षा हे मला कितीतरी बरं वाटतं, आजही वाटतं. कात्री अजिबात गेली असंही नाही. २०२१ मध्ये हाँगकाँगमध्ये डिस्ने प्लस सुरू झालं तेव्हा 'सिम्प्सन्स'चा तियानमेन चौकावर टोमणा असलेला भाग तिथे नव्हताच. पूर्वी निदान शिट्टी ऐकू यायची. यादीतच नसलेल्या भागाची शिट्टीही वाजत नाही.

पण शिक्क्याची एक अडचण आहे. शिक्का दारावर लागतो आणि दार तुमच्या घराचं असतं. आता मला माझ्याच घराचं सांगायचं आहे. हे मी आमच्या ऑफिसात कधी सांगितलेलं नाही.

'बोजॅक हॉर्समन' नावाची मालिका आहे. नायक घोडा. माणसासारखा कोट घालणारा, उतरणीला लागलेला टीव्हीवरचा नट, दारुडा. नेटफ्लिक्सवर शिव्यांना बंदी नाही, तरी तिच्या लेखकांनी इंग्रजीतली ती एक मोठी शिवी एका वर्षाच्या सगळ्या भागांत मिळून एकदाच वापरायची असं ठरवलं होतं, जिथे एखादं नातं कायमचं तुटतं तिथेच. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. कुणी सांगितलं नसताना घातलेलं बंधन. मी ती मालिका घरी, माझ्या खात्यावर बघत असे. त्याला पिन नव्हता. दिवसभर दुसऱ्यांच्या घरांना कुलूप सुचवणाऱ्या बाईच्या घराला कडी नव्हती.

२०१८ ची दिवाळीची सुट्टी. माझी मुलगी अकरा वर्षांची. मी फराळाच्या गडबडीत, ती आतल्या खोलीत. घोडा आहे, कुत्रा आहे, मांजर आहे, रंगीत आहे. तिने लावलं. मीही येता-जाता आवाज ऐकला असेल, पण कार्टूनचा आवाज घरात कुणाला खटकतो? तीन दिवसांत तिने दोन वर्षांचे भाग संपवले आणि तिसऱ्यात गेली. तिसऱ्याच्या शेवटाजवळ असं आहे, की सेरा लिन नावाची एक मुलगी, जी लहानपणी त्या घोड्याच्या मालिकेत त्याची मुलगी झालेली असते आणि आता मोठी झालेली आहे, व्यसन सोडून नीट राहायला लागलेली असते. हा तिला फोन करतो, दोघं दिवसचे दिवस नशा करतात, आणि शेवटी तारांगणात, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून, ती मरते. रक्त नाही. ओरडणं नाही. वर तारे.

रात्री ती माझ्याजवळ येऊन झोपली. बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "आई, त्याला माहीत होतं ना तिला बरं नाही ते? मग तो तिला घरी का नाही घेऊन गेला?"

मी आधी काय केलं असेल? सवयीने मनात तक्ता काढला. तिने काय काय ऐकलं असेल, काय पाहिलं असेल, किती शिव्या, किती दारू. तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी आडून आडून विचारलं, तेव्हा म्हणाली, "ते काय, ते सगळे बोलतात तसं." तिला आठवत होता तो खांदा. ज्याला बाबा म्हणायचं तो सोबत असून उपयोग झाला नाही, हे तिच्या मनात बसलं होतं. पुढचे कितीतरी दिवस, हे मित्रांबरोबर बाहेर जेवायला गेले की ती विचारायची, बाबा किती वाजता येणार. हे आयुष्यात दारू प्यायलेले नाहीत. त्यांना बिचाऱ्यांना कळेना, आपलं काय चुकलं.

मी तिला रागावले नाही. खात्याला पिन लावला, आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, कारण मला ते येत नव्हतं. "तो वाईट आहे म्हणून" असं म्हणता आलं असतं. पण ती मालिका तसं म्हणत नाही, आणि तिने ते ओळखलं असतं.

२०२० च्या जानेवारीअखेर त्या मालिकेचे शेवटचे भाग आले. मुलगी तेरा वर्षांची झाली होती. ती म्हणाली, "तो शेवट मला बघायचाय, तुझ्याबरोबर." माझ्या हिशेबाने मालिका फक्त प्रौढांची. मी तो शिक्का दहा ठिकाणी लिहून दिला असता आणि आजही देईन. घरात मात्र मी पिन टाकला आणि दोघी बसलो. त्यात कळतं, की त्या रात्री सेरा लिन लगेच गेलेली नव्हती. स्वतःवर ठपका येऊ नये म्हणून त्याने मदतीला फोन करायला सतरा मिनिटं लावली होती. मुलीने पडद्यावरून नजर न काढता म्हटलं, "बघ. मी विचारलं होतं ना."

तिने सव्वा वर्ष तो प्रश्न जपून ठेवला होता. मी वीस वर्षं या कामात आहे आणि हे मला कोणत्याही तक्त्यात पकडता आलं नसतं. मग आम्ही मालिका थांबवली आणि बोललो. बराच वेळ. हे हॉलमध्ये पेपर वाचत बसले होते, त्यांनाही आत बोलावलं. तिने त्यांना विचारलं, "तुम्ही किती मिनिटांत फोन केला असता?" ते म्हणाले, "लगेच." ती म्हणाली, "नंबर माहीत आहे का?" त्यांना माहीत नव्हता. १०८ त्या रात्री आमच्या तिघांच्या मोबाइलमध्ये गेला.

आता ती सतरा-अठरा वर्षांची आहे आणि मला विचारते, तुझं काम हवंच कशाला, सगळ्यांना सगळं बघू दे. तिच्याशी माझं पटत नाही. शिक्का हवा, कुलूप हवं. अकराव्या वर्षी तो खांदा तिने एकटीने बघायला नको होता, हे मी शेवटपर्यंत म्हणेन. फक्त शिक्का लिहिताना आता मी रकान्यांच्या खाली एक ओळ स्वतःची लिहिते: हे बघताना मुलाशेजारी कुणी बसावं का. त्यासाठी फॉर्ममध्ये जागा नाही, त्यामुळे ती ओळ 'इतर' मध्ये जाते. पुढे कुणी वाचतं की नाही, मला ठाऊक नाही.

माझा वेळ संपला, घंटा हातात घेऊन बाई उभ्या आहेत, आणि ती घंटा तीच जुनी पितळी आहे असं मला इथून दिसतंय. शेवटची एक व्यवहाराची गोष्ट. इथे बरेच जण आजी-आजोबा झालेत आणि नातवंडांना स्वतःचा मोबाइल देऊन निवांत बसतात. ज्यांना खात्याला पिन कसा लावायचा ते हवं असेल, त्यांनी जेवणानंतर मला पाण्याच्या टाकीजवळ भेटा. दोन मिनिटांचं काम आहे. चष्मा आणि आपला पासवर्ड तेवढा बरोबर आणा.